शेजारच्या टेबलाला मराठी येतं

क्रूझवरून परत आलेला माणूस दोनच गोष्टी रंगवून सांगतो: खायला काय काय होतं आणि बरोबरची माणसं कशी होती. समुद्राबद्दल तो फारसं बोलत नाही. समुद्र सगळ्यांना सारखाच भेटतो, माणसं मात्र ज्याची त्याला वेगळी भेटलेली असतात. या दुसऱ्या गोष्टीत आणखी एक गंमत असते. सांगणारा स्वतः तिच्यात कधीच नसतो. खुर्च्या अडवणारे, ताटात डोंगर रचणारे, लिफ्टची सगळी बटणं दाबणारे, ते सगळे ‘लोक’. बोटीवर १,५०० प्रवासी असतील तर त्यातले १,४९६ हास्यास्पद आणि उरलेले चार आपल्या घरचे.

गेल्या हिवाळ्यात आम्हीही असे चौघं मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या बोटीवर होतो: मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि चौऱ्याहत्तरीच्या सासूबाई. तीन रात्री, बिनखिडकीची खोली. परतल्यावर पंधरा दिवस पाहुण्यांना किस्से सांगणं चालू होतं. एकदा पाहुणे गेल्यावर कपबशा उचलता उचलता लेक म्हणाली, “आत्ता त्यांच्या घरी ते पण आपल्याबद्दल असंच सांगत असतील ना?”

प्रश्न साधा होता, पण माझ्या मनातून जाईना. ज्याच्याशी आपलं काही नातं नाही, ज्यानं आपलं काही बिघडवलेलं नाही, अशा सहप्रवाशाला हसण्याचा आपल्याला अधिकार आहे का? असलाच तर तो कुठपर्यंत?

भाषांतराच्या धंद्यातलं माणूस अशा वेळी आधी शब्दाकडे वळतं. मराठीत ‘हसणं’ हे एकच क्रियापद ओठाच्या कोपऱ्यापासून पोट धरून लोळण्यापर्यंत सगळ्याला पुरतं. इंग्रजीत त्यासाठी निदान दोन वेगळी क्रियापदं आहेत, म्हणून मराठीतून तिकडे जाताना प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की ही बाई नुसती हसली की आवाज करून हसली. त्याहून मजेदार मामला विभक्तीचा आहे. हिंदीत माणूस दुसऱ्या‘पर’ हसतो. हसू जणू वरून त्याच्या अंगावर पडतं. इंग्रजीत ते नेम धरून मारल्यासारखं जातं. मराठीत आपण कोणा‘ला’ हसतो. त्याला पाणी दिलं, त्याला हाक मारली, त्याला पत्र लिहिलं, आणि त्याला हसलो. आता हाच ‘ला’ ‘त्याला मारलं’ यातही आहे, हे खरं. तेव्हा व्याकरणानं माझा प्रश्न सोडवला असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट त्यानं स्पष्ट केली: हसू हवेत विरत नाही, ते कोणाला तरी पोचतं.

मराठीनं आणखी एक फरक जपून ठेवला आहे. थट्टा समोर करतात, टवाळी पाठीमागे. थट्टेला नातं लागतं. दीर-भावजय, मेहुणे-मेहुणे, जुने मित्र यांच्यात ती चालते, कारण समोरचा उलट थट्टा करणार हे धरलेलंच असतं. टवाळीला नातं लागत नाही, अंतर पुरतं. मग सहप्रवाशाचं काय करायचं? तो अनोळखी आहे, पण दूरही नाही. तीन दिवस तो आपल्याच जिन्यात, आपल्याच रांगेत, आपल्याच पाण्यावर आहे.

बोटीवर हे सहप्रवासीपण पहिल्याच तासात अंगावर चढवतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही क्रूझ खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा आणीबाणीचा सराव तेव्हा व्हायचाच होता. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून हा सराव बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावा लागतो. सात आखूड भोंगे, एक लांब भोंगा, आणि सगळे नारिंगी जाकिटं घालून रांगेत. त्या जाकिटात कोणालाही मान उरत नाही. स्वीटमधले हिरेवाले, बिनखिडकीचे आम्ही, हनिमूनचं जोडपं, सगळे एकाच मापाचे गाठोडे. आमच्या पुढचे गृहस्थ कुर्त्यावर जाकीट चढवून बायकोला म्हणाले, “फोटो काढ, पण ग्रुपवर टाकू नको. आई घाबरेल.”

सराव संपला, जाकिटं उतरली आणि जो तो पुन्हा आपापल्या मापाचा झाला. मग बघण्यासारखं पुष्कळ होतं. न्याहारीच्या बुफेवर एक काका आधी रिकाम्या हातानं, हात पाठीमागे बांधून, शाळा-तपासनिसासारखे एक फेरी मारून येत. दुसऱ्या फेरीत ताट. त्या ताटात इडली, पास्ता, ढोकळा, जिलबी आणि कलिंगड एकमेकांना खेटून बसत. आपल्याकडे या कृतीला ‘वसूल करणं’ असा खणखणीत शब्द आहे. तिकडे पोहण्याच्या तलावाशी पहाटे सहालाच खुर्च्या भरलेल्या. माणसं नव्हेत, वस्तू: एक टॉवेल, एक चप्पल, एक चष्म्याचं घर, एक उघडं न केलेलं पुस्तक. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या जनतेचं हे समुद्रावरचं रूप. किनारा दूर गेला तसं नेटवर्क गेलं, आणि शेअर बाजारातले एक साहेब दिवसभर फोन महाराष्ट्राच्या दिशेला धरून डेकवर उभे राहिले, मशाल धरल्यासारखे. मुरगाव बंदर जवळ आलं तेव्हा शेकडो फोन एकदम वाजले, आणि इतका वेळ शांत, थोडी उदात्तही दिसणारी माणसं क्षणात हप्ते, भाडेकरू आणि मोलकरणीच्या सुट्ट्या यांत परतली.

रात्री डेकवर गिरगावचे एक आजोबा असत. पूर्वेला अंधारात दिवा लुकलुकला की ते सांगत, “जयगड.” अर्ध्या तासानं दुसरा दिवा. “रत्नागिरी.” मग “देवगड.” भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटींवर त्यांचं बालपण गेलेलं. वळकटी पसरून डेकवर जागा कशी धरायची, ओकारी आली तर कोणत्या बाजूला जायचं, हे त्यांना पाठ होतं. दिवे बरोबर होते की नाही हे तपासायला आमच्यापैकी कोणाकडेच काही साधन नव्हतं. त्यामुळे त्यांचं कधीच चुकत नव्हतं.

या सगळ्याला आम्ही हसलो, मनापासून हसलो. तत्त्वज्ञ या हसण्याकडे फार प्रेमानं बघत नाहीत. हॉब्जच्या मते दुसऱ्यातलं काही वेडंवाकडं दिसलं की आपण अचानक त्याच्याहून थोर असल्याचा आनंद होतो, तो म्हणजे हसू. बर्गसाँनं १९०० साली हसण्यावरच्या पुस्तकात म्हटलं की हसताना काळजाला क्षणभर भूल द्यावी लागते. समोरचा जिवंत माणूस यंत्रासारखा वागताना दिसला की आपण हसतो, आणि त्या हसण्यानं समाज त्याला ताळ्यावर आणतो. खुर्ची अडवणाऱ्याच्या बाबतीत मला हे पटतं. दिव्यांची नावं सांगणाऱ्या आजोबांच्या बाबतीत अजिबात पटत नाही. त्यांना हसताना काळजाला भूल वगैरे काही दिलेली नव्हती. उलट काळीज चांगलं जागं होतं.

भरतमुनी मला इथे अधिक उपयोगी वाटतात. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार दिले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. त्यांची उत्तम, मध्यम, अधम अशा माणसांत केलेली वाटणी आज आपण मान्य करणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या सहाही प्रकारांत वर्णन आहे ते हसणाऱ्याचं. दात दिसतात की नाही, डोळ्यांत पाणी येतं का, खांदे हलतात का. ‘उपहसित’ तर पाहाच: नाकपुड्या फुगतात, नजर वाकडी होते, मान खाली जाते. नटासाठी लिहिलेली ही सूचना आरशासारखी वापरता येते. बुफेवरच्या ताटाकडे बघताना आपली नजर सरळ आहे की वाकडी, हे ताट सांगणार नाही. आपला चेहरा सांगेल.

आता या बोटीवर आमच्याकडे एक खास सोय होती: मराठी. आजूबाजूला गुजराती, हिंदी, पंजाबी, तमिळ, इंग्रजी. परक्या भाषांच्या गर्दीत आपली भाषा पडद्यासारखी वापरता येते. हा अनुभव दिल्ली-कोलकात्यात राहिलेल्या कोणत्याही मराठी माणसाला आहे, आणि मुंबईतल्या तमिळ किंवा बंगाली माणसालाही असणारच. पडद्याआड माणूस जरा मोकळा सुटतो. दुसऱ्या दिवशी न्याहारीला शेजारच्या टेबलावरचं ते प्रसिद्ध ताट बघून सासूबाई नेहमीच्या आवाजात, म्हणजे खणखणीत, म्हणाल्या, “हा माणूस जेवतोय की बोचकं बांधतोय?”

काकांनी मान वर केली. “काकू, तिसरी जिलबी आहे हे खरं. पण तिकडे आता संपलीय. अर्धी देऊ?”

ते बडोद्याचे निघाले. गायकवाडांच्या काळात तिकडे गेलेल्या घराण्यातले; मराठी पक्कं, फक्त लय गुजरातीची. आम्ही तिघं ताटात बघत बसलो. सासूबाई मात्र जराही न डगमगता म्हणाल्या, “द्या. पण पास्त्याला लागलेली बाजू तुमच्याकडे ठेवा.”

जिलबीची वाटणी झाली, खुर्च्या जवळ आल्या, आणि मग कळलं की त्यांच्या टेबलानं आदल्या दिवशीच आमचं नाव ठेवलं होतं. ‘वाचनालय’. मी प्रुफं तपासत बसलेली, लेक कादंबरीत, नवरा आदल्या दिवशीच्या पेपरात, आणि सासूबाई बोटीचं सुरक्षापत्रक दुसऱ्यांदा वाचत होत्या. शेजारी अख्खा अरबी समुद्र आणि चौघांची डोकी खाली! काकांच्या बायकोनं आमची नक्कलही करून दाखवली. नक्कल चांगली होती.

नाव ठेवण्यातही परंपरा असते. सेबास्टियन ब्रान्टचं ‘मूर्खांचं जहाज’ हे जर्मन काव्य १४९४ साली बाझेलला छापलं गेलं. त्या जहाजावरचा पहिला मूर्ख कोण? ज्याच्याभोवती पुस्तकांचा ढीग आहे आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही, तो. आपल्याकडे समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं मोजली, आणि तो दशक संपवताना एक अख्खा समास ‘पढतमूर्खा’साठी राखून ठेवला. दोन्ही ग्रंथांत नावं नाहीत, लक्षणं आहेत. लक्षणांची यादी वाचताना आपण आधी शेजाऱ्याला शोधतो, चारपाच ओळींनी मावसभावाला, आणि पुढे कुठे तरी स्वतःला. यादी लिहिणारा कोणाकडे बोट दाखवत नाही, म्हणूनच ते बोट फिरत फिरत आपल्याकडे येतं.

पण लक्षण म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रवासवर्णनात माणसं येणारच. मार्क ट्वेननं ती आणली. १८६७ च्या जूनमध्ये ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट न्यूयॉर्कहून युरोप आणि पॅलेस्टाइनच्या सहलीला निघाली. ट्वेन वर्तमानपत्रांचा बातमीदार म्हणून बरोबर होता. बहुतेक प्रवासी वयस्कर, श्रद्धाळू, गंभीर. नोव्हेंबरात परतल्याबरोबर त्यानं ‘न्यूयॉर्क हेराल्ड’मध्ये त्या सहलीला जवळजवळ अंत्ययात्रेच्या पंक्तीला नेऊन बसवलं, आणि १८६९ मध्ये ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक आलं. त्याच बोटीवर चार्ल्स लँग्डन नावाचा एक तरुण होता. पुढे १८७० मध्ये त्याच्या बहिणीशी ट्वेनचं लग्न झालं. ज्या बोटीला तो हसला, तिच्यावरच त्याला मेहुणा मिळाला होता.

त्याच बोटीवर ब्लडगुड कटर नावाचा लाँग आयलंडचा शेतकरी-कवी होता. तो सापडेल त्याला आपल्या कविता ऐकवी. ‘पोएट लॉरिएट’ म्हणजे राजकवी. ट्वेननं त्याला ‘पोएट लॅरिएट’ म्हटलं. लॅरिएट म्हणजे गुरं पकडायचा दोरीचा फास. तो फास मराठीत कसा आणायचा यावर मी बराच वेळ घालवला आहे, आणि अजून तो माझ्या हातात नीट बसलेला नाही. कटरनं मात्र त्याचं काय केलं ते बघा. १८८६ मध्ये त्यानं स्वतःच्या कवितांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर स्वतःची ओळख छापली: मार्क ट्वेनचा ‘लॅरिएट’. टोपणनाव त्यानं पदवीसारखं लावलं. कविता चांगल्या होत्या की नाही हा प्रश्न वेगळा. पण ज्याला हसलं गेलं त्याच्याकडे छापखाना होता, पैसे होते, आवाज होता. हसणं त्याला पोचलं आणि त्यानं ते परत धाडलं.

मला वाटतं, सगळा प्रश्न या परतीच्या वाटेचा आहे. हसण्यामुळे माणूस लहान होतो असं नाही. त्याला उलट हसायला जागा उरली नाही की तो लहान होतो. बडोद्याच्या काकांना ती जागा होती, कारण पडदा आहे असं आम्हीच धरून चाललो होतो, तो कधी नव्हताच. खुर्ची अडवणाऱ्याला ती आहे. तो आपला टॉवेल उचलून ‘तुम्हीही उद्या लवकर उठा’ असं सांगू शकतो. पण स्वयंचलित दारापुढे थबकलेली म्हातारी, काटा कोणत्या हातात धरायचा हे शेजारच्याचं बघून ठरवणारा मुलगा, यांना ती नाही. त्यांनी काही निवडलेलं नाही, ते फक्त पहिल्यांदा आले आहेत. तिथे माझं हसू आपोआप थांबतं, आणि थांबत नसेल तर थांबवायला हवं.

इथे एक सोपी पळवाट आहे, तीही मला नको आहे. ताट भरून घेणाऱ्याला हसू नये, त्यानं कधी काळी उपाशी दिवस काढले असतील, असं म्हणता येतं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या, सुकडी आणि लाल मिलो खाल्लेल्या पिढीतली माणसं आपल्या घरात आहेत. सासूबाई त्यातल्याच. त्यांच्यानं आजही ताटात काही टाकवत नाही. पण म्हणून समोरच्या अनोळखी माणसाच्या मागे मी परस्पर एक दुष्काळ लावून द्यावा का? त्याला विचारलंच नाही, आणि त्याला हसण्यापासून वाचवण्यासाठी त्याच्या आयुष्यात एक दुःख घुसडलं. ही दया टवाळीइतकीच पाठीमागची आहे. काकांना जिलबी आवडत होती. एवढंच. माणसाला जिलबी आवडण्याचाही अधिकार असावा, कारण न देता.

परतीची वाट हीच कसोटी मानली तर बोटीवर एक जागा अशी उरते की जिथे आमचं सगळं हसणं अडखळतं. टेबलावर पाणी ओतणारा मुलगा. आमच्या टेबलावरचा गोव्याचा होता. कोकणीत खलाशाला ‘तारवटी’ म्हणतात; गोव्यातली गावंच्या गावं या पेशावर वाढली, आणि मुंबईत धोबीतलावला त्यांच्या ‘कूड’ आहेत, गावागावाच्या, पुढच्या बोटीची वाट बघत राहण्यासाठी. त्याला आमचं सगळं माहीत होतं: कोण किती जिलब्या घेतं, कोण भांडतं, कोणाच्या सासूबाई काय बोलतात. मराठी त्याला चांगलं कळत होतं. तो हसत होता, सतत. १९८३ मध्ये आर्ली हॉकशिल्डनं विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून दाखवलं की असं हसू हेही कामच असतं, पगारात धरलेलं. नाविकांच्या आंतरराष्ट्रीय श्रमकरारात विश्रांतीचे किमान तास आहेत: २४ तासांत १०, सात दिवसांत ७७. उरलेल्या वेळात हसायचं किती, याला मर्यादा नाही.

बोटीवरची माणसं रात्री घरी जातात का, असं प्रवासी विचारतात म्हणे. हा जगभरच्या बोटींवरचा विनोद. तो खाली, कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात सांगितला जातो आणि वर आमच्यापर्यंत येत नाही. तिथे आमचीही नावं ठेवलेली असणार, ‘वाचनालया’पेक्षा बरी किंवा वाईट. ती आम्हाला कधी कळणार नाहीत. आम्ही त्यांना हसलो नाही, पण हे काही पुण्य नव्हे. त्यांनी हसावं म्हणून आम्ही पैसे भरले होते, आणि तसं हसू ज्याच्याकडून घेतलं त्याचा खरा हशा ऐकण्याचा हक्क आपण तिकिटाबरोबरच सोडून दिलेला असतो. या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. निदान लिहिताना त्याला ‘सदा हसतमुख’ म्हणू नये, एवढं मात्र कळतं.

कारण लिहिणं ही तर बोटीपेक्षाही एकतर्फी जागा आहे. डेकवर समोरचा उत्तर देऊ शकतो, कागदावर तो शब्द आणि मी वाक्य. १९९६ मध्ये डेव्हिड फॉस्टर वॉलेसनं ‘हार्पर्स’ मासिकात आपल्या क्रूझबद्दल लिहिलं तेव्हा ‘झेनिथ’ या बोटीचं नाव उलटं करून ‘नेडिर’ ठेवलं, शिरोबिंदूचा अधोबिंदू. बोटीला असं नाव देता येतं. पण आठवडाभर एका टेबलावर जेवलेल्या माणसाला, लेखात आपण कोणते, हे नाव नसलं तरी कळतंच. मीही या लेखात काकांचं नाव दिलेलं नाही. बडोद्यात जिलबी आवडणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत, यावर माझी भिस्त आहे.

शिवाय हे नियतकालिक असं की इथे मराठीच्या पुढच्या पानावर दुसरी भाषा असते. माझी ओळ उद्या कोणी गुजरातीत नेईल, कोणी तमिळमध्ये. कोणत्याही भाषेचा पडदा आता फार काळ टिकत नाही, आणि तो पाडण्याचंच काम करून मी पोट भरते. तेव्हा लेकीला मी जे सांगितलं ते इतकंच: हो, ते आत्ता आपल्याबद्दल सांगत असणार, आणि आपण ते ऐकलं तर आपल्यालाही हसू यावं, इतपत चांगलं सांगत असतील अशी आशा करू. आपणही तसंच सांगायचं. हसायचं भरपूर, पण शेजारच्या टेबलाला मराठी येतं हे धरून.